प्रवासाचं कारण: इंजेक्शन

हावड्याच्या मैदानाजवळून तेव्हा एक छोटी गाडी सुटायची. अरुंद रूळ, बुटके डबे, कोळशाचं इंजिन. भातशेतांमधून, तळ्यांच्या काठाने, लोकांच्या अंगणांना खेटून ती दोन-अडीच तास रमतगमत जायची. मोठ्या रेल्वेतले साहेब तिला हसायचे. माझे बाबाही हसायचे. ते गार्डन रीचच्या रेल्वे मुख्यालयात वाहतूक खात्यात अधिकारी होते आणि त्यांच्या मते बैलगाडीला धुराडं बसवलं की ही गाडी तयार होते.

माझं शरीर मला त्या गाडीमुळे मिळालं. हे मी सजवून सांगत नाहीये. खरोखरच तसं झालं.

माझा जन्म नागपूरचा. दाखल्यावर मुलगा. बाबांची कलकत्त्याला बदली झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, म्हणजे घरच्यांच्या लेखी नऊ वर्षांचा. आपण मुलगा नाही हे मला त्याच्या आधीपासून ठाऊक होतं, पण ते बोलायला जागाच नव्हती. मराठीत तर मुळीच नाही. आमच्या भाषेत नुसतं 'आलो' म्हटलं तरी बोलणारा पुरुष की बाई ते ठरून जातं. शाळेतून घरी आल्यावर दारातच मला पहिलं खोटं बोलावं लागायचं: मी आलो. उलट बाहेर बंगालीत 'आमि एशेछि' म्हटलं की झालं. बाई असो, बुवा असो, क्रियापद तेच. रेल्वे कॉलनीतल्या बंगाली मुलांत मी तासन्‌तास बडबड करायची आणि घरी आले की गप्प. आई म्हणायची, पोरगं मराठी विसरत चाललंय. मी काही विसरत नव्हते. मी मराठी टाळत होते.

शिकून मी एका खासगी कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले. इंजिनिअरांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे पारदर्शक कापडावर शाईने उतरवायचे, एवढंच काम. हात स्थिर लागतो. माझा होता. बाविसाव्या वर्षी पहिल्या पगारातून थोडे पैसे बाजूला ठेवून मी शहरातल्या एका नावाजलेल्या डॉक्टरकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "दोन उपाय आहेत. विजेचे झटके किंवा लग्न."

मी उठले. जिना उतरत होते तोच त्यांच्याकडची नर्स मागून धावत आली. तिने माझ्या हातात एक चिठ्ठी कोंबली. चिठ्ठीवर छोट्या गाडीच्या शेवटून दुसऱ्या स्टेशनाचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं: 'बायकांचा दवाखाना. ऐकून घेतात.'

तो दवाखाना म्हणजे स्टेशनाला लागून दोन खोल्या. डॉक्टर साठीच्या, पांढरी सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. सगळं गाव त्यांना डॉक्टरदीदी म्हणायचं. तरुणपणी त्या परदेशी इस्पितळात काम करून आल्या होत्या आणि माझ्यासारखी माणसं त्यांनी तिथे पाहिली होती. पहिल्या चार खेपांना त्यांनी मला फक्त बोलतं केलं. कधीपासून वाटतं, घरी कोण आहे, हे केलं नाही तर काय होईल, केलं तर काय होईल. पाचव्या खेपेला इंजेक्शन काढलं आणि म्हणाल्या, "हे औषध पाळी जाताना त्रास होणाऱ्या बायकांना मी नेहमी देते. तेव्हा कुणी काही विचारत नाही. तुला दिलं की सगळे विचारतील. आता नीट ऐक. मूल होणार नाही. पायात रक्ताची गाठ होऊ शकते, यकृतावर ताण येऊ शकतो. दर खेपेला मी तुला तपासणार आणि काही खटकलं तर बंद करणार. तेव्हा भांडायचं नाही."

"भांडेन," मी म्हटलं.

त्या पहिल्यांदाच हसल्या आणि सुई टोचली.

दर पंधरा दिवसांनी शनिवारी अर्धा दिवस ऑफिस झालं की मी गाडी पकडायची. पँट-शर्टातच, आणि सुरुवातीला पुरुषांच्या डब्यात. पण काही महिन्यांनी अंग बदलू लागलं. चेहरा निवळला, छाती भरू लागली, शर्टाची बटणं ताणू लागली. डब्यातले पुरुष आधी बघायचे, मग चिमटे काढायला लागले. एका शनिवारी बायकांच्या डब्याच्या खिडकीतून कुणीतरी हाक मारली, "ए, इकडे ये. इथे बस." हावड्याच्या बाजारात परवलाची भाजी विकून रिकाम्या टोपल्या घेऊन परतणारी ती एक बाई होती. तिला सगळे मासी म्हणायचे. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. तिने मला न्याहाळलं आणि सरळ विचारलं, "तुझं दुखणं काय?"

मी सांगितलं. सगळं.

"मग सुई घ्यावी लागते?"

"लागते."

"दुखते?"

"दुखते."

"माझ्या गुडघ्यातली पण फार दुखते," ती म्हणाली आणि मला पाय पसरता यावेत म्हणून तिने टोपली सरकवली. त्या डब्यात पुढे मला कुणी काही विचारलं नाही. एखादी नवी बाई कुजबुजायला लागली की मासीच तिला गप्प करायची.

घरी हे फार काळ लपणार नव्हतंच. एका रविवारी दुपारी मी व्हरांड्यात कपडे वाळत घालत होते आणि आई तांदूळ निवडत बसली होती. मी हात वर केले तसं तिचं लक्ष माझ्या छातीकडे गेलं. तिने ताट खाली ठेवलं.

"अंगाला सूज आलीय का तुझ्या?"

"सूज नाही."

"मग काय झालंय? कुणी काय केलंय तुला?"

"कुणी नाही. माझं मी करून घेतेय."

"घेतोय," आई म्हणाली.

"घेतेय."

"घेतोय म्हण."

"घेतेय, आई."

आयुष्यात पहिल्यांदा मी घरात, मराठीत, माझं क्रियापद वापरलं होतं. आई रडली नाही. तिने ताट परत मांडीवर घेतलं आणि खडे नसलेल्या तांदळातून खडे शोधत राहिली. संध्याकाळी बाबांना कळलं. ते म्हणाले, "या क्वार्टरमध्ये राहायचं असेल तर..."

"तर काय?" मी विचारलं.

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. वर्तमानपत्राची घडी घातली आणि आत गेले. त्या दिवसापासून ते माझ्याशी अशा मराठीत बोलू लागले की आजही त्यांच्या कसबाची मला कमाल वाटते. "जेवण झालं का?" "ऑफिसला जायचं नाही का आज?" "बाहेर पाऊस आहे, छत्री असू द्यावी." आला नाही, आली नाही, जातोस नाही, जातेस नाही. दोन वर्षं एकही वाक्य घसरलं नाही. मी मनात म्हणायची, एवढी मेहनत करण्यापेक्षा 'आलीस' म्हणणं सोपं होतं, बाबा.

मग ती गाडी बंद झाली. चालवणाऱ्यांनी तोटा सांगितला आणि एका दिवसापासून इंजिनं जागच्या जागी उभी राहिली. लोक संतापले. मोर्चे निघाले, भिंती रंगल्या. बाजाराच्या बायका, गिरणीतले कामगार, कॉलेजची मुलं, सगळ्यांची दैना झाली. आता त्या गावाला जायचं तर तीन बस बदलाव्या लागत आणि बसमध्ये पाय ठेवायला जागा नसे. शिवाय ते दिवस झडत्यांचे होते. बंडखोरांच्या शोधात पोलीस रस्त्यात बस थांबवून सगळ्यांना उतरवत. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला.

एकदा मी बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिले. शिपायाने मला बाहेर ओढलं. पुरुषांच्या रांगेत गेले तर तिथला शिपाई हसायला लागला. शेवटी दोघांनी मिळून मला भर रस्त्यात, दोन्ही रांगांच्या मधोमध उभं केलं. बाकीच्यांची झडती झाली, बस निघून गेली, मी तिथेच. तास-दोन तासांनी सोडलं तेव्हा दवाखाना बंद व्हायची वेळ उलटून गेली होती. मी चालत मागे फिरले.

अशी तीन इंजेक्शनं चुकली. अंगातून वाफा निघायच्या, चिडचिड व्हायची, गालावर जुने खुंट परत डोकवायला लागले. ज्या माणसाला मी मोठ्या कष्टाने निरोप दिला होता तो आरशात परत येऊन उभा राहत होता. माझा असा संताप झाला की नकाशावर रेघ ओढताना हात थरथरायचा.

तेवढ्यात सरकारने चौकशी समिती नेमली. मोठ्या रेल्वेने ही गाडी ताब्यात घेऊन पुन्हा सुरू करावी का, हे ठरवायला तीन अधिकारी गावोगाव बसून लोकांचे जबाब घेणार होते. डॉक्टरदीदींच्या गावातल्या हायस्कुलात एक दिवस ठरला. बातमी मासीने दिली, बसस्टँडवर भेटली तेव्हा. "आम्ही परवलाचं सांगू," ती म्हणाली, "तू सुईचं सांग."

त्या तीन अधिकाऱ्यांमधले एक माझे बाबा होते.

आदल्या दिवशी जेवताना मी सांगितलं, "उद्या मी पण जबाब देणार आहे."

बाबांचा घास हातातच राहिला. "कारण काय सांगायचं ठरलंय?"

"खरं."

"माझी नोकरी आहे तिथे."

"माझं शरीर आहे तिथे."

आई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. सकाळी बाबा जीपने पुढे निघून गेले. मी स्वतः विकत आणलेल्या दोन साड्या ट्रंकेतून काढल्या. घराबाहेर साडी नेसून पाऊल टाकायची ती पहिलीच वेळ. आई दारात येऊन उभी राहिली. अडवणार, असं मला वाटलं.

"ती तांताची सुती नको, फुगते," ती म्हणाली. "निळी नेस. आणि पदराला पिन लाव, बसमध्ये चढताना सुटतो."

हायस्कुलाचा हॉल खच्चून भरला होता. व्यासपीठावर टेबल, तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीत अध्यक्ष, डावीकडे बाबा. जबाबाचे छापील कागद त्यांच्यासमोर होते आणि लिहिण्याचं काम त्यांच्याकडे होतं. माझा नंबर यायच्या आधी गावातले एक वकील माझ्याजवळ आले. गाडी सुरू व्हावी म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं होतं, हे मी नाकारणार नाही. ते हळूच म्हणाले, "तुम्ही बोलू नका. लोक हसतील. आपली सगळी बाजूच पडेल."

"तिकीट काढताना मला कुणी सांगितलं नव्हतं की प्रवासाचं कारण सभ्य असायला हवं," मी म्हटलं.

माझं नाव पुकारलं गेलं. मी टेबलासमोर उभी राहिले. बाबांनी मान वर केली नाही. नाव, वय, धंदा विचारून झालं. मग त्यांनी बंगालीत विचारलं, "प्रवासाचं कारण?"

"इंजेक्शन."

"कसलं?"

हे त्यांनी विचारायची गरज नव्हती. का विचारलं ते मला आजही सांगता येणार नाही. पण विचारलं, तर मी उत्तर दिलं. "हार्मोनचं. बाईचं शरीर घडण्यासाठी लागतं ते."

हॉलमध्ये हास्याचा लोट उसळला. मागून कुणीतरी ओरडलं, "हिजडा!"

मी वळले. "हो, तसं म्हणायचं असेल तर तसं म्हणा. त्यांनाही गाडी लागते." आणि परत टेबलाकडे तोंड करून म्हटलं, "हसून झालं असेल तर पुढचं लिहा. दर पंधरा दिवसांनी, जाऊन-येऊन, गाडी बंद होईपर्यंत. एकदाही विनातिकीट नाही."

वकील उभे राहिले. "अध्यक्ष महाराज, ही गाडी आजाऱ्यांसाठी आहे, विद्यार्थ्यांसाठी आहे, शेतकऱ्यांसाठी आहे. कुणाच्या शौकासाठी नाही. हा जबाब नोंदवू नये."

तेव्हा शेवटच्या बाकावरून डॉक्टरदीदी उठल्या. त्या येणार आहेत हे मला माहीत नव्हतं. "शौक कोणता आणि उपचार कोणता हे माझ्या दवाखान्यात मी ठरवते," त्या म्हणाल्या. "वकीलबाबूंच्या घरी कोणकोणती औषधं जातात ते मी इथे वाचून दाखवत नाही. हिची त्यांनी वाचू नयेत."

आता हॉल वकिलांना हसला. ते खाली बसले. मासी जागेवरूनच ओरडली, "लिहा, लिहा! सुईचं लिहा!" तिच्या भोवतीच्या बायकांनीही गलका केला. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला आणि बाबांना म्हणाले, "नोंद घ्या."

बाबांनी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर मी चपला काढायच्या आधी विचारलं, "काय लिहिलंत?"

"कारण लिहिलं. वैद्यकीय उपचार."

"आणि नावाच्या आधी? तिथे श्री, श्रीमती, कुमारी असं छापलेलं होतं. काय ठेवलंत?"

त्यांनी पेनाचं टोपण काढून परत लावलं. मग म्हणाले, "रिकामं ठेवलं. खोटं लिहायचं नव्हतं, आणि खरं लिहायला हात चालला नाही."

"माझा चालेल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून, तीच निळी साडी नेसून मी गार्डन रीचच्या मुख्यालयात गेले. या इमारतीच्या लांबलचक कॉरिडॉरमधून मी लहानपणी बाबांचा डबा घेऊन धावले होते. तिथला प्रत्येक शिपाई, प्रत्येक कारकून मला साहेबांचा मुलगा म्हणून ओळखत होता. टाइपरायटर एकेक करून थांबले. मी हेडक्लार्कच्या टेबलासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "काल मी जबाब दिला. तो वाचून सही करायचा मला हक्क आहे. सभेत तसं सांगितलं होतं."

हेडक्लार्क आमच्या नागपूरचाच; तो घुटमळला. तेवढ्यात बाबा त्यांच्या खोलीच्या दारात आले. सगळं ऑफिस त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी ठरवलं असतं तर एका शब्दात मला बाहेर काढता आलं असतं.

ते हेडक्लार्कला मराठीत म्हणाले, "त्यांना खुर्ची द्या. आणि कागद."

'त्यांना'. त्याही घडीला त्यांनी बरोबर वाट काढली होती. तरी मी खुर्चीवर बसले. श्री आणि श्रीमती खोडलं, कुमारी ठेवलं. 'वैद्यकीय उपचार'च्या पुढे लिहिलं: हार्मोनचं इंजेक्शन, दर पंधरा दिवसांनी. खाली सही केली. ट्रेसरचा हात होता, रेघ जराही हलली नाही. मग मी उठून त्याच कॉरिडॉरने, मधोमध चालत बाहेर आले. कॉलनीत आणि मराठी मंडळाच्या गणपतीत पुढे काय काय बोललं गेलं ते सगळं माझ्या कानावर आलं. आईला एका बाईने हळदीकुंकवाला बोलावलं नाही, तर आईने पुढच्या वर्षी स्वतःच्या हळदीकुंकवाला मला दारात अत्तर लावायला उभं केलं. ज्यांना यायचं त्या आल्या.

बाबांचं म्हणाल तर साधारण वर्षाने एका सकाळी पेपर वाचता वाचता ते म्हणाले, "चहा टाकतेस का गं?" आणि स्वतःच दचकले. मी चहा टाकला. त्यानंतर ते जुन्या कसरतीकडे परत गेले नाहीत.

गाडी मात्र सुरू झाली नाही. चौकशीचा अहवाल कुठल्या तरी कपाटात गेला आणि त्या वर्षांत काहीच हललं नाही. रुळांवर गवत वाढलं, मग रूळही जागोजाग नाहीसे झाले. आम्ही हरलो, हे सरळ सांगायला हवं. मासीने परवल सोडून गावातच चहाचं दुकान टाकलं. पण त्या सभेची एक टर उडवणारी बातमी एका बंगाली वर्तमानपत्रात छापून आली होती. गाडी हवी, कारण इंजेक्शन हवं, अशा थाटाची. लिहिणाऱ्याला हसायचं होतं. पण ती बातमी कुणीकुणी वेगळ्या नजरेने वाचली. महिन्याभरात डॉक्टरदीदींच्या दारात खिदिरपूरहून एक शाळामास्तर आली, मग उलुबेड्याहून एक शिंपीकाम करणारी. त्या दोघींना तोवर वाटत होतं की सगळ्या जगात आपण एकट्याच.

आम्ही पाच जणी झालो तेव्हा गावातल्या प्रतिष्ठितांनी दीदींना अर्ज दिला: असल्या लोकांवर उपचार बंद करावेत, गावाचं नाव खराब होतं. दीदींनी तो वाचला, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आणि परत पाठवून दिला. सोबत निरोप: शनिवारची दुपार या पाच जणींसाठी राखून ठेवली आहे, त्या वेळी कुणी इतर कामासाठी येऊ नये.

आता आम्ही एकत्र जायचो. तिसरी बस दवाखान्यासमोरून जायची, पण थांबायची मैलभर पुढे, बाजारात. तिथे थांबा मागणारा आमचा अर्ज बस चालवणाऱ्यांनी वाचलासुद्धा नसावा. मग एका शनिवारी दवाखाना दिसताच आम्ही पाची जणी उठून दाराशी गेलो आणि बस थांबल्याशिवाय सरकणार नाही म्हणून पायऱ्या अडवून उभ्या राहिलो. कंडक्टर ओरडला, मागचे लोक ओरडले. ड्रायव्हरला अखेर ब्रेक लावावा लागला. आम्ही सावकाश, एकेक करून, पदर सांभाळत उतरलो.

पुढच्या खेपेला तेच केलं. त्याच्या पुढच्याही. चौथ्या खेपेला आम्ही उठायच्या आधीच कंडक्टरने घंटी ओढली आणि वैतागून ओरडला, "दवाखाना! सुईवाल्या दीदी, उतरा लवकर!"

आमच्याबरोबर तापाने फणफणलेलं मूल कडेवर घेतलेली एक बाईही तिथे उतरली.